काशा, बहरीन आणि माझ्या गुदगुल्या

काशिनाथ मास्तर वारले, आणि त्यांच्या दहाव्याला म्हणून निघालेला मी दुसऱ्याच माणसाच्या दहाव्याला जाऊन, रडून, वर चार शब्द बोलून परत आलो.

चूक माझीच. केजहून बैलगाडीनं निघालो, गाडीवानानं वाटेत चिलमीसाठी गाडी सोडली आणि उशीर झाला. नदीवर पोचलो तर काठाला दोन घोळके, एक मोठा, एक लहान. दोन्हींत ताजी भादरलेली डोकी, आणि भादरलेलं डोकं उन्हात सगळ्यांचं सारखंच चमकतं. मी सरळ मोठ्या घोळक्यात शिरलो. काशा असेल तिथं गर्दी मोठीच असणार, हे मी जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्याबद्दल जन्मभर जळलेलो. पिंडाला कावळा शिवत नव्हता, माणसं तिष्ठत बसली होती. मला वाटलं, आपण बोलावं. घसा साफ केला आणि म्हणालो, ‘ह्या पुरुषानं सात समुद्र ओलांडले. अरबांना व्यापार शिकवला. जपानच्या माणसांनी ह्याच्यापुढं कमरेत वाकून नमस्कार घातला...’ मंडळी माझ्याकडं टकमका बघायला लागली. नेमका त्याच वेळी कावळा शिवला. मी डोळे पुसत मागं सरलो, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझं कोपर धरलं. म्हणाला, ‘पाव्हनं, आमचा दादा कवा गेलता हो तिकडं? आमाला तर म्हनायचा, माजलगावच्या बाजाराला चाललो.’

मी वळून बघितलं, तर लहान घोळका ओली धोतरं पिळत निघालेला. त्यात काशाचा पुतण्या होता. म्हणजे सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा काशाभोवतीची गर्दी दुसऱ्या कुणापेक्षा कमी भरली, आणि ती बघायला मी जागेवर नव्हतो. ह्याला नशीब म्हणतात.

हे सगळं छापायला देतोय, कारण वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी स्वतः निरोप धाडला की मास्तरांवर लिहा, तुम्ही त्यांचे बालमित्र. ह्याच संपादकांकडं मी आजवर किती लेख पाठवले! तंबाखूवर पाठवला, कचेरीतल्या गमतींवर पाठवला, बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळांवर तर दोनदा पाठवला. सगळे ‘साभार परत’. आता काशा मेला तेव्हा मी छापून आलो. जिवंतपणी त्यानं मला मागं ठेवलं आणि जाताना हाताला धरून पुढं ओढलं. दोन्हींचा राग सारखाच येतो.

आम्ही दोघे दिंद्रुडचे, एका आळीतले. जग त्याला मास्तर म्हणायचं, मी काशा म्हणायचो. तेवढा एक हक्क माझ्याकडं होता. मिसरूड फुटायच्या वयात दोघेही एकाच अडतीत कामाला लागलो. तिथं आम्हाला पहिली विद्या मिळाली ती हत्त्याची. आमच्याकडं कापसाचा, धान्याचा, जनावरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात हातात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे इतके, दोन बोटं म्हणजे इतके, पंजा म्हणजे इतके. बाहेर तोंडं दगडाची. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलता कामा नये, कारण भोवती दुसरे घेणारे उभे असतात आणि ते बोटांकडं नाही, तोंडाकडं बघतात.

आता अडचण अशी, की मला गुदगुल्या होतात.

सिरसाळ्याच्या बाजारात माझा पहिला हत्ता. समोर मुंबईच्या पेढीचा माणूस, जाड बोटांचा. त्यानं रुमालाखाली माझं एक बोट धरलं आणि मी ‘खिक्’ केलं. त्याला वाटलं, भाव कमी सांगितला म्हणून पोरगा हसतोय. त्यानं दुसरं बोट धरलं. मी ओठ चावला, तरी आवाज आलाच. तो चिडला, तिसरं धरलं. भाव चढत गेला तसा मीही चढत गेलो. मागं उभ्या असलेल्या आमच्या मालकाचे डोळे आनंदानं विस्फारले होते. असला दलाल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शेवटी त्या माणसानं माझा अख्खा पंजा आवळला आणि मी जमिनीवर बसून, पोट धरून हसायला लागलो. तो रुमाल फेकून म्हणाला, ‘भाव द्यायला आलोय की तमाशा बघायला?’ आणि चालता झाला. मग काशा गेला त्याच्या मागं. काय बोलला कोण जाणे, त्याला परत घेऊन आला, रुमालाखाली हात घातला आणि सौदा करून मोकळा. तोंड असं, की शेजारच्या लिंबाच्या झाडाला वाचा फुटली असती पण काशाच्या तोंडावर रेघ उमटली नसती. मालक मला म्हणाले, ‘अंबादास, तू आता तराजूकडं बस.’

त्या दिवसापासून माझा हेवा मोजायचा, वाचकहो.

पुढं त्याच मुंबईच्या पेढीला बहरीनला पाठवायला एक चुणचुणीत माणूस हवा होता. त्यांची तिकडं मोत्यांची खरेदी चालायची. आमच्या मालकांनी पहिलं नाव माझं पुढं केलं. कावून, असं तुम्ही विचाराल. तर मी गेलो असतो तर अडतीचं भलं झालं असतं. पेढीचा माणूस मला म्हणाला, ‘बोल, येतोस? काही विचारायचं असेल तर विचार.’ मी विचारलं, ‘तिथं ज्वारीची भाकरी मिळते का?’ माझ्या मते प्रश्न वाजवी होता. त्यानं मान वळवून काशाकडं बघितलं. काशा म्हणाला, ‘तिथली माणसं सौदा कसा करतात?’ तो म्हणाला, ‘मोत्यांचा? कापडाखाली हात घालून.’ काशानं एवढंच म्हटलं, ‘मग जातो.’

तो बहरीनला गेला आणि मी केजच्या तहसील कचेरीत कारकून झालो. उर्दू शिकलो, रुमी टोपी घातली, साहेब आले की उभा राहिलो, गेले की बसलो. ह्याउपर माझ्या नोकरीत सांगण्याजोगं काही नाही. काशाचं मात्र सगळंच सांगण्याजोगं, आणि ते मला दर दोन-तीन वर्षांनी, तो गावी आला की, पारावर बसून गर्दीत ऐकावं लागायचं.

बहरीनला त्यानं पाहिलं ते असं. कापड तेच, बोटं तीच, पण बोटांचा अर्थ वेगळा. इराणी यायचा तो आपला अर्थ घेऊन, गुजराती आपला, बलुची आपला. ज्याला तिथला अर्थ कळायचा नाही तो कापडाखाली लुटला जायचा आणि वर तोंड दगडाचं ठेवून घरी जायचा. काशा आधी स्वतः लुटला गेला. मग शिकला. आणि शिकल्यावर, जिथं दुसरा कुणी शहाणा गप्प बसून पैसा करता, तिथं ह्यानं एका कहव्याच्या दुकानासमोर चटई टाकून नव्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. अरबाची पोरं, इराण्याची पोरं, आपल्याकडचे गुमास्ते, सगळे एका चटईवर. पुढं तिथल्या व्यापाऱ्यांनीच त्याला नीट जागा दिली. मग बसऱ्याचं बोलावणं आलं, मग मोंबासाचं, आणि शेवटी जपानात कोबेला, आपला कापूस जिथं उतरतो तिथल्या कारकुनांना आपल्या मुलखाचा व्यापार समजावायला. दिंद्रुडचा पोरगा, ज्याच्या अंगरख्याला माझ्या आईनं ठिगळं लावलेली, तो चार बंदरांचा मास्तर झाला.

त्याची शिकवायची रीत उलटी होती. विकणाऱ्याला तो घेणाऱ्याच्या जागी बसवायचा, घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या. आणि पहिला महिना कुणाला काही शिकवायचाच नाही. ज्या माणसाशी आपला धंदा पडतो, त्याच्या दुकानात जाऊन नुसतं बसायला सांगायचा. म्हणायचा, समुद्र ओलांडणं सोपं असतं, जहाज नेतं. समोरची गल्ली आपल्या पायांनी ओलांडावी लागते.

हे ऐकून पारावरची माणसं डोलायची. मी म्हणायचो, ‘मोंबासात एवढं काय ठेवलंय? आपल्या केजचाच बाजार, फक्त पुढं पाणी.’ काशा गंभीरपणे म्हणायचा, ‘खरंय अंब्या, अगदी केजसारखंच.’ आणि लोक त्याच्या नम्रतेवर आणखी खूश! तो बढाई मारता तर मी सुखी झालो असतो. बढाईखोराचा हेवा करायला मजा येते, निदान मागं नावं ठेवता येतात. ह्या माणसानं मला तेवढीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

मोंबासाची गोष्ट तर मला त्याच्याकडून कळलीच नाही, दुसऱ्यांकडून कळली. एका साली तिथं धान्याचं जहाज वेळेवर आलं नाही. बंदरावर हमाली करणारी हर मुलखाची गरीब माणसं, आणि दुकानदारांनी भाव आभाळाला नेलेले. काशानं वर्ग बंद केला आणि त्या हमालांचंच दुकान उभं केलं. तराजू एके दिवशी हबशाच्या हातात, दुसऱ्या दिवशी बलुच्याच्या, तिसऱ्या दिवशी आपल्या कोकण्याच्या. ज्यानं काल तोलून घेतलं त्यानं आज तोलून द्यायचं. त्यामुळं दांडी मारायची कुणाची छाती झाली नाही. लोक तगले. मी काशाला विचारलं, ‘तिथल्या सरकारनं काय दिलं तुला?’ तो म्हणाला, ‘काही नाही, पुढच्या साली आणखी काम दिलं.’ आमच्या कचेरीत मला एकदा सलग तीन दिवस वेळेवर आलो म्हणून शाबासकी मिळाली होती, ती मी अजून सांगतो.

कोबेहून आला तो एक खोड घेऊन आला. समोर माणूस आला की हात मांडीला लावून कमरेत वाकायचा. लहानथोर, हिंदू-मुसलमान, कुणीही असो. पंधरवड्यात अख्खं दिंद्रुड वाकायला लागलं. मला काय वाटलं देव जाणे, केजला जाऊन मी तहसीलदारसाहेबांपुढं तसाच वाकलो. रुमी टोपी सुटली ती नेमकी दौतीवर, आणि शाई साहेबांच्या शेरवानीवर. साहेब म्हणाले, ‘ये क्या हरकत है?’ मी म्हणालो, ‘हुजूर, जपान...’ पुढचं बोलणं झालं नाही.

शेवटी काशा कायमचा परत आला. त्याला मूलबाळ नव्हतं. गोदावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, ‘आता तरी घरी बसा.’ तो बसला नाही. दिंद्रुडच्या बाजारात करीमभाईंची कापूस साठवायची खोली होती. करीमभाई सीताफळं-टरबुजांचे व्यापारी, पुढं कापसातही शिरलेले. आमच्या दोघांच्याही वयाचे, तोंडानं फाटके, मनानं धड. त्यांनी ती खोली काशाला दिली आणि तिथं व्यापाराचा वर्ग सुरू झाला. अडत्यांची मुलं, कोमट्याचा जावई, दोन अत्तारवाले, आजूबाजूचे चार-सहा शेतकरी, आणि पहिल्या रांगेत स्वतः करीमभाई. तोवर मीही नोकरीतून सुटलो होतो. दर बाजाराला केजहून यायचो, सीताफळं घ्यायचं निमित्त करून त्या खोलीच्या खिडकीशी उभा राहायचो.

आत मी काय पाहायचो, सांगू? शांतता. काशा हळू आवाजात बोलायचा आणि तीस-चाळीस दाढी-मिशांची माणसं श्वास धरून ऐकायची. सुपारी फोडायचा आवाज नाही, खोकला नाही. बोलून झालं की तो विचारायचा, ‘कुणाला काही म्हणायचंय?’ सगळे माना हलवायचे... नाही. मला त्या चार बंदरांचा हेवा एक वेळ सोसला असता. ह्या शांततेचा सोसवला नाही. माझ्या घरात मी बोलायला लागलो की मांजरसुद्धा उठून जातं. आमच्या कुटुंबाला मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मांजराला उंदीर धरायचे असत्यात, तुमच्यावानी रिकामं न्हाई ते.’

शेवटची भेट त्याच खोलीत झाली. वर्ग उठला होता, काशाला धाप लागलेली. त्याच्याकडं बघून काळीज हललं, पण माझं काळीज हललं तरी जीभ सरळ चालत नाही. तो म्हणाला, ‘अंब्या, एखाद्या दिवशी तू घे की वर्ग.’ मी म्हणालो, ‘मला कुठं येतंय?’ आता, हा काही नकार नव्हता. मी आग्रहाची वाट बघत होतो. सौद्यात पहिला नकार हा नकार नसतो, हे ज्यानं बसऱ्यापासून कोबेपर्यंत शिकवलं, तो मला शांतपणे म्हणाला, ‘बरं.’ बस, एवढंच. ‘बरं.’ मी सीताफळं घेऊन घरी आलो. त्यानंतर महिनाभरात सिरसाळ्याच्या एका गाडीवाल्यानं निरोप आणला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दहाव्याचा घोटाळा झाल्यावर लाज वाटून मी काही दिवस त्या घराकडं फिरकलो नाही. गेलो तेव्हा नेमके बहरीनचे एक मोत्यांचे व्यापारी आलेले. मुंबईला त्यांची पेढी. काशाची खबर लागताच आगगाडीनं परभणी आणि तिथून मोटारीनं, धुळीनं पांढरे होऊन दिंद्रुडला पोचले होते. पायघोळ झगा, खांद्यावर तांबडं कापड. ओसरीवर गाव जमलेलं, दाराआड गोदावहिनी. मी कोपऱ्यात टेकलो. त्यांनी मुंबईच्या हिंदुस्थानीत विचारलं, ‘यहाँ अंबादास साहब कौन हैं?’

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ते उठले, थेट माझ्यासमोर येऊन बसले, डोळे भरून मला बघितलं. मग खांद्यावरचं कापड काढलं, माझा हात हातात घेतला, कापड वर टाकलं आणि आत हळूच एक बोट धरलं. मी दुखवट्याच्या घरात, भर ओसरीवर, ‘खिक्’ करून हसलो.

‘वही है!’ ते ओरडले. ‘वल्लाह, वही है!’

मग त्यांनी सांगितलं. बहरीनला काशाच्या वर्गात पहिला धडा माझा असायचा. सिरसाळ्याचा बाजार, जाड बोटांचं गिऱ्हाईक आणि हसून हसून जमिनीवर बसलेला दलाल. तिथं अजून कुणा पोराच्या चेहऱ्यावर सौद्यात काही उमटलं, तर बाकीचे त्याला डिवचतात, ‘अंबादास मत बन!’ बसऱ्यातही म्हणतात. मोंबासातही, कोबेतही. म्हणजे हयातभर मी केजची वेस ओलांडली नाही आणि माझं नाव चार बंदरांत शिवी म्हणून नांदत होतं. गर्दी हसत होती. दाराआड गोदावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडतायत. पुढं झालो तर त्या म्हणाल्या, ‘भावजी, ते रोज सांगायचे तुमचं. आज पयल्यांदा डोळ्यानं बघितलं.’ आणि पुन्हा हसायला लागल्या, हसता हसता मग रडल्या. मला मात्र एकच कळलं नाही... मी कुणाचा हेवा करू? त्या चार बंदरांतल्या अंबादासाचा?

त्याच दिवशी करीमभाईंनी सांगितलं की खोली आता मोकळी करावी लागेल. हंगाम तोंडावर आलाय, गाठी ठेवायला जागा हवी. मास्तर होते तेव्हाची गोष्ट वेगळी. आता वर्ग घेणार कोण?

मी म्हणालो, ‘मी.’

करीमभाईंनी पान थुंकलं. ‘अंबादासभाऊ, तुमी?’

‘का? मला काय धाड भरलीय?’

‘न्हाई, तसं न्हाई... बरं. येत्या बाजाराला घ्या. मान्सं बसली, तर खोली ऱ्हाईल. उठून गेली, तर त्याच सांजला गाठी भरतो. सौदा?’

‘सौदा.’

वर्गाचं काय होतं ह्यापेक्षा मला त्या खोलीत एकदा, एकच डाव, ती शांतता माझ्यासाठी पडायला हवी होती. वर्ग बंद पडला तर काशाचं सगळं गाठींखाली जाईल, हेही कळत होतं. पण काशा गेला तरी हेवा गेला नव्हता. उलट आता त्याला आडकाठी कुणाची राहिली नव्हती.

बाजाराच्या दिवशी खोली भरली. मी काशाच्या बैठकीवर बसलो. सगळे गप्प. अहाहा... ती शांतता अगदी माझ्या तोंडासमोर होती. मी घसा साफ केला आणि बहरीनचा हत्ता सांगायला घेतला. ‘तिकडं तर्जनी धरली की...’

‘मास्तर तर करंगळी म्हनायचे,’ कोमट्याचा जावई म्हणाला.

‘करंगळी मोंबासाला,’ मी ठोकून दिलं.

‘मोंबासाला कापडच न्हाई टाकत!’ मागून एक अत्तारवाला. ‘तिकडं तोंडानं बोलत्यात, मास्तरनं सांगितलं हाय.’

‘अरे, मला माहीत आहे का तुला? माझं नाव घेतात तिथं!’

इथं जो हशा पिकला, तिथून गाडी घसरली ती घसरलीच. दोघे आपसात तंडायला लागले, तिसरा दोघांना खोटं पाडायला उठला. मी मांडीवर थापा मारून ‘गप्प बसा, गप्प बसा’ करतोय. तेवढ्यात एक शेतकरी उठला. पाटोळे त्याचं नाव; काशाच्या वर्गात पहिल्या दिवसापासून यायचा, आणि मी त्याचा आवाज तोवर ऐकलेला नव्हता. तो म्हणाला, ‘बोट कोन्चं का असंना. मला एक सांगा. कापूस माझा. रुमालाखाली हात एक दलालाचा, एक घेनाऱ्याचा. माझा हात कुठाय? माझ्याच मालाचा भाव मलाच कावून दिसंना?’

मग एका अडत्याचा मुलगा ताडकन उठला, ‘मंजे आमी चोर का बे?’

‘चोर न्हाई म्हनलं. रुमाल काढा म्हनलं.’

‘बापजाद्याची रीत हाय!’

‘तुमच्या बापाची. माझा बाप भाईरच उभा ऱ्हायचा.’

मग जे सुरू झालं त्याला मी वर्ग म्हणणार नाही. जोंधळ्याच्या खळ्यावर पाखरं उतरावीत तसा कालवा. कुणी म्हणतंय रुमाल काढला तर बाजार मोडेल, कुणी म्हणतंय मोडू दे. पाटोळेनं अडत्याच्या मुलाला ओढून आपल्या जागी बसवलं, ‘बस हितं, आन् सांग काय दिसतंय.’ अत्तारवाल्यांनी आपला रुमाल टाकला, प्रत्यक्ष सौदा लावला, त्या मुलाला बाहेर उभा केला. तो दोघांच्या तोंडाकडं बघून बघून घामेजला. बाहेरचे लोक खिडकीत चढले. माझ्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. मी बैठकीवरून उतरलो, गर्दीतून वाट काढली आणि पायरीवर येऊन डोकं धरून बसलो. आत दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं होतं. काशा असता तर ह्या माणसांनी श्वास धरला असता, आणि मी त्याची खोली एका दिवसात मासळीबाजार करून दाखवली.

करीमभाई बाहेर आले, शेजारी बसले. घाम पुसला. दाराकडं बोट करून मी म्हणालो, ‘करीमभाई, भरा तुमच्या गाठी.’

‘गाठी भावाच्या घरी टाकतो,’ ते म्हणाले. ‘खोली ऱ्हाईल. फुडल्या बाजाराला बी या.’

मला आधी कळलंच नाही. मग छाती हळूहळू फुगायला लागली. काशाच्या वर्गात इतकी वर्षं एक माणूस बोलला नव्हता, हे आता माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या पहिल्याच दिवशी... मी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, ‘म्हणजे करीमभाई, खरं सांगा हं, ही एक गोष्ट मी काशापेक्षा बरी केली, असं म्हणायचं का?’

करीमभाईंनी दाराकडं मान वळवली. आतून पाटोळेचा आवाज येत होता.

‘मास्तरम्होरं येडं दिसू म्हनून आमी तोंड उघडत नव्हतो,’ ते म्हणाले. ‘तुमच्याम्होरं ती भीती कुनाला हाय, बे?’